ओढीचा चहा : मलेशियातील फेसाळ 'तेह तारिक' घरच्या घरी

चहाची पाने, पाणी, दूध आणि साखर या चार वस्तू सर्वत्र त्याच असल्या, तरी चहा करण्याच्या तऱ्हा मात्र प्रांतोप्रांती निराळ्या आहेत. पुण्याच्या अमृततुल्यात दूध, साखर आणि चहा एकाच पातेल्यात उकळून आटवला जातो. हैदराबादच्या इराणी चहात कोरा चहा आणि दूध वेगवेगळे तयार होऊन पेल्यात एकत्र येतात. काश्मीरमध्ये नून चहाचा काढा डावाने वारंवार उंच उचलून पुन्हा पातेल्यात सोडला जातो. नोकरीतील बदल्यांच्या निमित्ताने ज्यांनी दक्षिणेत काही वर्षे काढली आहेत, त्यांना तर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर धार सोडणारा चहावाला नक्कीच आठवत असेल.

या धार सोडण्याच्या कलेला मलेशिया आणि सिंगापूर या देशांत एका स्वतंत्र पेयाचा मान मिळाला आहे. त्या पेयाचे नाव 'तेह तारिक'. दाट, गोड, तांबूस रंगाचा आणि माथ्यावर बोटभर फेस मिरवणारा हा चहा तेथे पहाटेपासून मध्यरात्रीनंतरही मिळतो. मलेशियातील न्याहारीच्या संस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या न्याहारीत नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि पदर सुटलेली रोटी यांच्या जोडीला तेह तारिकचा पेलाही असतो.

या चहासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. महागडी पानेही लागत नाहीत. किंबहुना, उत्तम प्रतीची पाने वापरल्यास तो बिघडण्याचाच संभव अधिक. साध्या सामग्रीला हाताच्या कौशल्याने चव आणणे हेच या पेयाचे मर्म होय. ते मर्म समजून घेतल्यास हा चहा कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात सहज करता येतो.

नावातील अर्थ आणि नात्यातील मामा

मलय भाषेत 'तेह' म्हणजे चहा. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरील बोलीतून हा शब्द समुद्रमार्गे आग्नेय आशियात पोहोचला. 'तारिक' म्हणजे ओढणे. तेव्हा तेह तारिक म्हणजे शब्दशः 'ओढलेला चहा'. एका भांड्यातून खाली पडणारी धार वरचे भांडे उंच नेताना जणू दोऱ्यासारखी ओढली जाते, त्यावरून हे नाव पडले. मराठीत 'ओढ' या शब्दाला ताण आणि आस असे दोन्ही अर्थ आहेत. परदेशी गेलेल्या माणसांनी निर्माण केलेल्या या पेयाला ते दोन्ही शोभून दिसतात.

हे पेय ज्या टपऱ्यांवर आणि उपाहारगृहांत मिळते, त्यांना तेथे 'मामाक' म्हणतात. तमिळ भाषेत आईच्या भावाला 'मामा' म्हणतात आणि त्यावरूनच हा शब्द आला आहे. मराठी वाचकाला त्याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांना आणि खानावळवाल्यांना हे संबोधन चिकटले आणि पुढे ते त्यांच्या दुकानांचेच नाव झाले.

ही माणसे तेथे कशी पोहोचली, हे थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल. रबराची रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मलाया हा जगातील रबराचा प्रमुख उत्पादक प्रदेश बनला. मळ्यांवर काम करण्यासाठी तमिळ जिल्ह्यांतून मजुरांची मोठी भरती झाली. मद्रास आणि नागपट्टिणम येथून पेनांग आणि सिंगापूरकडे जाणाऱ्या आगबोटी हा या स्थलांतराचा राजमार्ग होता. १९२६ मध्ये बांधलेली 'राजुला' ही आगबोट या मार्गावर अनेक दशके माणसे आणि त्यांची गाठोडी वाहत राहिली. मजुरांच्या मागोमाग त्यांना अन्न, कापड आणि चहा पुरवणारे छोटे व्यावसायिकही गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर या चहावाल्यांनी रबराच्या मळ्यांच्या प्रवेशद्वारांशी टपऱ्या मांडल्या आणि तेथेच तेह तारिकचा जन्म झाला, असे सांगितले जाते.

भुकटी आणि डबा

या टपरीवाल्यांचे भांडवल जेमतेम होते आणि गिऱ्हाईकही मजूरवर्गातील. साहजिकच चहाच्या उत्तम पानांची चैन परवडणारी नव्हती. चांगला चहा परदेशी जात असे आणि स्थानिक बाजारात भुकटी उरत असे, अशी आठवण तेथे सांगितली जाते. या भुकटीचा गुण असा की, ती थोड्या वेळात आणि थोड्या प्रमाणात पाण्याला गडद रंग आणि ठसका देते. दोष असा की, ती तितक्याच लवकर तुरट आणि कडवट होते.

दुधाचा प्रश्न याहून बिकट होता. उष्ण आणि दमट हवामानात, शीतकपाट नसलेल्या टपरीवर ताजे दूध काही तासांत नासणारच. यावर उपाय मिळाला तो डब्यातील आटीव गोड दुधाचा. दुधातील पाणी आटवून, त्यात भरपूर साखर घालून ते डबाबंद करण्याच्या उद्योगाची सुरुवात अमेरिकेतील गेल बोर्डन यांनी १८५६ मध्ये मिळवलेल्या पेटंटपासून झाली. यातील साखर केवळ गोडीसाठी नसते. तिच्या दाट पाकात जंतूंची वाढ होऊ शकत नाही, म्हणून ते दूध टिकते. मुरांब्याची बरणी वर्षभर का टिकते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला ही युक्ती नवीन वाटणार नाही.

अशा प्रकारे कडवट भुकटी आणि दाट, गोड दूध या दोन वस्तू एकत्र आल्या. परंतु हे दूध इतके दाट असते की ते पेल्याच्या तळाशी जाऊन बसते. ते नीट मिसळण्यासाठी, उकळता चहा पिण्याजोगा कोमट करण्यासाठी आणि त्याचा उग्रपणा सौम्य करण्यासाठी तो दोन भांड्यांत वरखाली करणे ओघानेच आले. फेस ही त्या कृतीतून मिळालेली देणगी होती. गिऱ्हाइकाला ती आवडली, पुढे तिची अपेक्षा वाढली आणि अखेर तोच या चहाच्या दर्जाचा पुरावा ठरला. आज तेथे चहा ओढण्याच्या स्पर्धाही भरतात.

धारेतून फेस कसा तयार होतो

वेगाने पडणारी धार द्रवाच्या पृष्ठभागावर आदळते, तेव्हा ती आपल्यासोबत हवाही आत खेचून नेते. त्या हवेचे बुडबुडे होतात. साध्या पाण्यात असे बुडबुडे क्षणात फुटतात, कारण त्यांना धरून ठेवणारे काही नसते. दुधात मात्र प्रथिने असतात. या प्रथिनांच्या रेणूंचा काही भाग पाण्याकडे ओढ घेणारा, तर काही भाग पाण्यापासून दूर राहू पाहणारा असतो. त्यामुळे ती हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ, लवचीक आवरण तयार करतात. धार पुनःपुन्हा पडत राहिली की मोठे बुडबुडे फुटून लहान होतात. बुडबुडे जितके बारीक, तितका फेस मऊ आणि टिकाऊ.

गोड आटीव दूध येथे दोन प्रकारे उपयोगी पडते. त्यात प्रथिनांचे प्रमाण साध्या दुधापेक्षा अधिक असते आणि साखरेमुळे द्रव दाटसर झाल्याने बुडबुड्यांमधील पाणी सावकाश निथळते. याउलट साय आणि तुपाचे मोकळे थेंब हे फेसाचे शत्रू होत. ते बुडबुड्यांचे आवरण भेदतात. घरी दुधाचा चहा कितीही घुसळला तरी फेस धरत नाही, अशी तक्रार बहुधा न गाळलेल्या सायीमुळेच उद्भवते.

ओढण्याने चव का बदलते, याचीही कारणे आहेत. चहाचा तुरटपणा त्यातील टॅनिनवर्गीय द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये दुधातील केसिन या प्रथिनाला बिलगतात आणि मग जिभेला त्यांचा चटका कमी जाणवतो. ओढण्यामुळे दूध आणि चहा पूर्णपणे एकजीव होतात, म्हणून प्रत्येक घोटाची चव सारखी लागते. शिवाय, बारीक धारेचा पृष्ठभाग मोठा असल्याने चहा लवकर निवतो. मराठी घरांतून कपातील चहा बशीत ओतून पिण्याची जी जुनी रीत होती, तिच्यामागेही पृष्ठभाग वाढवून चहा निववण्याचे हेच तत्त्व होते.

आता उंचीविषयी. धार जितकी उंच तितका फेस अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. तो अंशतःच खरा आहे. अर्ध्या मीटरवरून पडणारी धार खाली पोहोचताना सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेग घेते. उंची दुप्पट, म्हणजे एक मीटर केली, तर वेग दुप्पट न होता सुमारे ४.४ मीटर होतो. सांडण्याचा धोका मात्र कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच घरी करताना हात-दीड हाताहून अधिक उंचीचा अट्टाहास धरण्याचे कारण नाही. एक मीटरची धार ही टपरीवरील नजरबंदी आहे. फेसाला तिची आवश्यकता नाही.

साहित्य

पुढील प्रमाण सुमारे २०० मिलिलिटरच्या दोन पेल्यांसाठी आहे.

पाणी : ३५० मिलिलिटर.

चहा : बारीक भुकटी, चहाचे ४ सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. बाजारात 'डस्ट' या नावाने मिळणारा सीटीसी चहा यासाठी उत्तम. दार्जिलिंगसारखा सुवासिक पानांचा चहा येथे वाया जातो, कारण त्याचा नाजूक गंध आटीव दुधाखाली दबून जातो.

गोड आटीव दूध : ४ मोठे चमचे, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम. मिठाईसाठी किराणा दुकानात डब्यातून मिळणारे कन्डेन्स्ड मिल्क ते हेच.

बिनसाखरेचे आटवलेले दूध : ५० ते ६० मिलिलिटर. मलेशियात हेही डब्यातून मिळते. आपल्याकडे ते सहजी मिळत नसल्याने १५० मिलिलिटर दूध मंद आचेवर सतत ढवळत ६० मिलिलिटरपर्यंत आटवावे आणि गाळून घ्यावे. ढवळणे थांबवल्यास साय धरते, हे ध्यानात ठेवावे.

भांडी : कान आणि चोच असलेले, प्रत्येकी एक लिटर मापाचे स्टीलचे दोन मग. चहा चारशे मिलिलिटर असताना भांडे एवढे मोठे का, असा प्रश्न पडेल. फेस वर चढण्यासाठी आणि धार झेलण्यासाठी ती जागा लागते. कान नसलेले पेले किंवा काचेची भांडी वापरू नयेत.

गाळणे : मलेशियात लांब कापडी पिशवीतून चहा गाळतात. घरी स्वच्छ मलमलचे दुहेरी फडके जाळीच्या गाळणीत अंथरले तरी चालते. भुकटीचा बारीक गाळ नुसत्या जाळीतून खाली उतरतो आणि चहाला कडवटपणा आणतो.

कृती

प्रथम दोन्ही मगांत गरम पाणी घालून ठेवावे. थंड धातूत ओतलेला चहा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच निवून जातो आणि मग फेस येईपर्यंत ओढण्यास अवधी राहत नाही.

पाण्याला खळखळून उकळी आली की आच बंद करावी, भुकटी घालावी, एकदा ढवळून झाकण ठेवावे आणि पाच मिनिटे मुरू द्यावे. येथे नेहमीच्या सवयीला आवर घालणे आवश्यक आहे. मराठी घरातील चहा उकळून सिद्ध होतो. हा चहा मुरून सिद्ध होतो. भुकटी उकळत ठेवल्यास रंगाबरोबर कडवटपणाही उतरतो आणि तो कोणत्याही फेसाने झाकला जात नाही. कोरा चहा गडद तांबडा, जवळजवळ काळपट दिसला पाहिजे. एरवी प्यायला तो फारच कडक वाटेल, परंतु पुढे त्यात पडणाऱ्या दुधाच्या मानाने तो योग्यच असतो.

मगांतील पाणी फेकून द्यावे. एका मगात आटीव गोड दूध आणि आटवलेले गरम दूध एकत्र करून घ्यावे. त्यावर फडक्यातून चहा गाळावा. फडके हाताने पिळू नये. पिळल्यास तळाचा कडवट अंश खाली येतो आणि हातही पोळतो. तळाचे दाट दूध सुटेपर्यंत चमच्याने ढवळावे.

आता ओढणे. भरलेला मग उजव्या हातात आणि रिकामा डाव्या हातात धरावा. डावखुऱ्या व्यक्तीने याच्या उलट. दोन्ही मगांच्या कडा जवळ आणून ओतण्यास आरंभ करावा आणि धार सुरू झाल्यावरच वरचा हात सावकाश वर, तर खालचा हात सावकाश खाली न्यावा. धार संपत आली की दोन्ही मग पुन्हा जवळ आणावेत. आरंभी जवळ, मध्ये दूर, शेवटी जवळ, असा हा क्रम आहे. बहुतेक सांडासांड आरंभी आणि शेवटी होते, कारण त्या वेळी धार क्षीण असते आणि ती मगाच्या बाहेरच्या अंगाने ओघळते.

नजर धार जेथे पडते त्या खालच्या मगावर असावी. वरच्या मगाकडे पाहिल्यास खालचा हात नकळत सरकतो. धार खालच्या मगाच्या मध्यभागी, चहाच्या पृष्ठभागावर पडू द्यावी. ती आतल्या भिंतीवरून घसरत गेल्यास हवा आत शिरत नाही.

अशा आठ ते दहा फेऱ्या पुरेशा होतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मोठे बुडबुडे दिसतील. पाचव्या-सहाव्या फेरीपासून ते बारीक होऊ लागतात आणि रंग तांबूस तपकिरीवरून फिकट बदामी होतो. शेवटची फेरी सर्वांत लांब धारेची असावी. त्यानंतर चहा लगेच पेल्यांत ओतावा. मगाच्या तळाशी उरलेला फेस चमच्याने दोन्ही पेल्यांवर सारखा वाटून द्यावा.

आल्याची चव हवी असल्यास सुंठ न वापरता ठेचलेले ताजे आले पाण्याबरोबरच उकळावे आणि नंतर भुकटी घालावी. दूध घातल्यावर त्यात कच्चे आले टाकल्यास ते फाटण्याचा संभव असतो. मलेशियात या प्रकाराला 'तेह हालिया' म्हणतात.

सराव आणि सुरक्षितता

ही कृती वाचताना सोपी वाटली, तरी पहिल्याच दिवशी गरम चहा हातात घेणे शहाणपणाचे नाही. प्रारंभी थंड पाण्याने सराव करावा. दोन्ही मगांतील अंतर वीतभर ठेवून सलग दहा फेऱ्या थेंबही न सांडता जमल्या, की अंतर हळूहळू वाढवावे. त्यानंतर कोमट पाणी आणि मगच चहा.

ओतण्याचे काम स्वयंपाकाच्या ओट्याशी, खाली मोठी परात ठेवून करावे. गॅस बंद असावा. पायांत चप्पल असावी, जमीन कोरडी असावी आणि पदर, ओढणी किंवा सैल बाह्या आवरून घ्याव्यात. दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर आणि किंचित बाजूला ठेवावेत, म्हणजे धार चुकल्यास ती अंगावर न येता परातीत पडते. लहान मुलांना या खेळाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. नेमक्या याच कारणासाठी ओतताना त्यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. गोड दुधाचा चहा त्वचेला चिकटून राहतो. चहा अंगावर सांडल्यास भाजलेला भाग तत्काळ नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. त्यावर बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजणे मोठे असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

ज्यांच्या मनगटांत किंवा खांद्यांत दुखणे आहे, अशा ज्येष्ठांनी ओढण्याचा अट्टाहास करू नये. त्यांच्यासाठी मथणी किंवा रवी आहेच. उंच भांड्यात चहा घालून तो हलक्या हाताने घुसळल्यास फेस येतो. तो धारेच्या फेसाइतका मऊ नसतो, परंतु चवीत फार अंतर पडत नाही.

ओढण्याचा आणखी एक लाभ आरोग्याशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून वर्गीकृत केले. हा दोष चहाचा नसून उष्णतेचा आहे. वाफाळता चहा घाईघाईने घशाखाली उतरवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी ओढून निवलेला चहा अधिक हितकारक म्हणावा लागेल. पहिला घोट फुंकर न घालता सुखाने घेता आला, तर ओढणे पुरेसे झाले असे समजावे.

गोडीचा हिशेब

या चहाची एक बाजू मात्र सावधपणे तपासली पाहिजे. गोड आटीव दुधाच्या वजनात सुमारे ४० ते ४५ टक्के साखरच असते. वरील प्रमाणानुसार प्रत्येक पेल्यात ४० ग्रॅम आटीव दूध, म्हणजेच सुमारे १६ ते १८ ग्रॅम वरची साखर जाते. छोट्या चमच्याच्या मापात सांगायचे, तर चार ते साडेचार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली. ते पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितावह, असेही सुचवले. एका पेल्यातच या खात्यातील दोन तृतीयांश शिल्लक खर्ची पडते. दुसरा पेला घेतल्यास खाते उणे होते, हे सांगणे न लगे.

रबराच्या मळ्यात पहाटेपासून राबणाऱ्या मजुरासाठी ही साखर दिवसभराच्या कष्टांचे इंधन होती. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यास तिची तितकी निकड नसते. मलेशियातील गिऱ्हाईकही आता 'कुरांग मानिस', म्हणजे 'कमी गोड', अशी मागणी करताना आढळते. घरी ती सवलत अधिक सुलभ आहे. आटीव गोड दुधाचे प्रमाण निम्मे करून बिनसाखरेचे आटवलेले दूध तेवढेच वाढवावे. फेसाचा मुख्य आधार प्रथिने असल्याने तो येतोच. फार तर किंचित लवकर बसतो. मधुमेह असलेल्यांनी गोड दूध पूर्णपणे वगळून केवळ आटवलेल्या दुधाचा, पिवळसर साय काढलेला चहा ओढून पाहावा आणि दुधाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानुसार ठरवावे.

फेस न आल्यास

सर्व काही यथासांग करूनही फेस आला नाही, तर कारणे शोधण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम भांडी पाहावीत. त्यांना तेलाचा किंवा तुपाचा अंश लागलेला असल्यास फेस टिकत नाही. म्हणून या दोन मगांचा उपयोग अन्य कामासाठी न केलेलाच बरा. दुसरे म्हणजे दुधात साय राहिली का, ते तपासावे. तिसरे, चहा फार पातळ तर झाला नाही ना, हे पाहावे. पाण्याच्या प्रमाणात दूध कमी पडल्यास प्रथिनेही कमी पडतात. चौथे कारण धारेचे असते. जाड धार धबधब्यासारखी कोसळते आणि फेस करण्याऐवजी असलेला फेस मोडते. धार करंगळीएवढी बारीक आणि अखंड असावी.

चहा फार कडवट लागल्यास पुढच्या वेळी भुकटी कमी न करता मुरण्याचा वेळ एका मिनिटाने कमी करावा. भुकटी कमी केली तर चहा पातळ आणि नुसता गोड लागतो. फार निवला असल्यास तो पुन्हा उकळू नये. पुन्हा गरम केलेल्या चहावर साय धरते आणि साऱ्या श्रमांवर पाणी पडते. त्यापेक्षा त्यात बर्फ घालून थंड पेय म्हणून प्यावा. मलेशियाच्या उन्हात तोही आवडीने पितात.

तेह तारिकचा फेस फार काळ थांबत नाही. काही मिनिटांतच तो खाली बसू लागतो. त्यामुळे हा चहा आधी करून ठेवता येत नाही, थर्मासमध्ये भरून नेता येत नाही आणि पाहुणे येण्यापूर्वी ओतून ठेवण्याचीही सोय नाही. तो पिणाऱ्याच्या समोर, त्याच्यासाठीच करावा लागतो. जेमतेम भांडवलावर परमुलखात टपरी मांडणाऱ्या माणसांपाशी देण्यासारखे अन्य काही नव्हते. चहा हलका होता, दूध डब्यातले होते, परंतु गिऱ्हाइकासमोर उभे राहून घेतलेले श्रम अव्वल दर्जाचे होते. पेल्यावरील फेस त्या श्रमांचाच होय. घरी हा चहा करणाऱ्याने पाहुण्यांना आधी बसवून घ्यावे, पेले समोर मांडावेत आणि मगच पहिली धार सोडावी.